पाक पाणी आणि खालच्या काठाचा शेजारी



इंद्रायणीच्या काठावरील गावांतून इमामाला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो : नदीच्या पाण्याने वुजू होतो का? पाण्याला कधी वास येतो, कधी त्यावर तवंग दिसतो आणि विचारणाऱ्याच्या मनात शंका उत्पन्न होते. उत्तर देणे फारसे अवघड नाही. साठलेल्या पाण्याच्या मापाबद्दल हनफी आणि शाफई मसलकांत मतभेद असले, तरी मुख्य कसोटी दोघांनाही मान्य आहे. नापाक वस्तू मिसळल्यामुळे पाण्याचा रंग, वास किंवा चव यांपैकी एखादा गुण बदलला, तर ते पाणी तहारतीच्या उपयोगाचे राहत नाही.

हा हुकूम विचारणारे पुष्कळ भेटतात. पाणी असे कोणी केले आणि त्याचा जाब कोणाला द्यावा लागेल, हे विचारणारा क्वचितच भेटतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा न विचारला जाणारा प्रश्न आहे.

पाण्याचा पाकपणा आणि शरीराचे आरोग्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे आपण सहज म्हणून जातो. फिकहच्या ग्रंथांत मात्र त्या इतक्या निराळ्या नाहीत. कोकणातील आपले शाफई बंधू लहानपणीच शिकतात, की धातूच्या भांड्यात उन्हाने तापलेले पाणी अंगाला वापरणे मकरूह आहे. का? ते पाणी नापाक आहे म्हणून नव्हे. ते पाकच आहे. त्या पाण्याने त्वचेला अपाय होतो अशी जुन्या काळची समजूत होती, म्हणून. आजचे वैद्यकशास्त्र त्या समजुतीबद्दल काय म्हणेल तो भाग वेगळा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की शेकडो वर्षांपूर्वीच्या फकीहांनी पाण्याच्या प्रकरणातच आरोग्याचा विचार केला आणि पाक असलेले पाणीसुद्धा अपायकारक असू शकते, हे मान्य केले. आपण मात्र रंग, वास, चव पाहतो आणि तिथेच थांबतो.

आता आपल्या मावळाकडे पाहू. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, पूर्वेकडे कामशेत, कान्हे या बाजूने उतरते, देहूला व आळंदीला वळसा घालते आणि तुळापूरला भीमेला मिळते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. एवढे पाणी अल्लाह तआला आपल्या डोक्यावर ओततो, तरी उन्हाळ्यात डोंगराकडच्या वाड्यांवर हंडे घेऊन चालणाऱ्या स्त्रिया दिसतातच. कान्हे हे या सर्व गोष्टींच्या मधोमध वसलेले गाव. पुणे-लोणावळा लोकल तिथे थांबते, जुना मुंबई-पुणे महामार्ग फाट्यावरून जातो, फाट्याहून टाकव्याकडे निघाले की इंद्रायणी ओलांडून कारखाने लागतात आणि त्यांच्यापलीकडे आंदर मावळातील भाताची खाचरे. जवळच वडगावच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेल्या आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलेल्या वाणाला या नदीचेच नाव दिलेले आहे. आज महाराष्ट्रातील अनेक घरांत इंद्रायणी हा शब्द आधी तांदूळ म्हणून आणि मग नदी म्हणून माहीत असतो.

कान्हे येथे सरकारी रुग्णालयही आहे. मावळाच्या आतल्या भागातील गरीब माणूस तापाने, जुलाबाने, काविळीने आजारी पडला की त्याच्या नातेवाइकांना ते आठवते. डॉक्टर सलाईन लावतात, गोळ्या देतात, माणूस बरा होऊन घरी जातो आणि घरी गेल्यावर त्याच विहिरीचे, त्याच ओढ्याचे पाणी पितो. आजाराचा अर्धा भाग रुग्णालयाच्या भिंतींबाहेर तयार होतो आणि तो भाग कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीत लिहिता येत नाही. सरकारी कारभारात आरोग्याचे खाते वेगळे, उद्योगाचे वेगळे, पर्यावरणाचे वेगळे. नदीच्या पात्रात ही तिन्ही खाती एकाच पाण्यात मिसळलेली असतात आणि माणसाच्या पोटात ती एकत्रच जातात.

सूरह रूमच्या ४१ व्या आयतीचा आशय आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे : जमिनीवर आणि पाण्यात जो बिघाड माजला आहे, तो माणसांच्या स्वतःच्या हातांच्या कमाईने. हा आशय सांगताना आपले वक्ते बहुधा अनीती, व्याज, अत्याचार यांची उदाहरणे देतात आणि ती योग्यच आहेत. परंतु आयतीतील जमीन आणि पाणी हे शब्द केवळ अलंकार म्हणून आले आहेत असे मानण्याचे कारण नाही. आळंदीत इंद्रायणीच्या पात्रावर पांढरा फेस दाटल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून आपण अनेकदा पाहिली. तो फेस आकाशातून उतरलेला नाही. प्रक्रिया न करता सोडलेल्या सांडपाण्यात साबण आणि धुण्याच्या पावडरीतील रसायने असतात. असे पाणी बंधाऱ्यावरून खाली आदळले की फेसाचे डोंगर उभे राहतात. त्यात कारखान्यांचा हिस्सा आहे, आणि आपल्या न्हाणीघरांचा, मोऱ्यांचाही आहे. हातांची कमाई म्हणजे नेमके काय, याचे इतके ढळढळीत दर्शन दुसरीकडे क्वचितच घडेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका मानू नये. कारखाने नकोत, रस्ते नकोत, इमारती नकोत, असे म्हणायचे आहे काय? ज्यांच्या घरी धान्याची कोठी भरलेली आहे त्यांना नदीचे सौंदर्य सुचते. ज्याच्या मुलाला टाकव्याच्या किंवा तळेगावच्या कंपनीत नोकरी लागली, त्याचे घर त्या नोकरीवर उभे असते. मला हा आक्षेप पटतो. शनिवार-रविवारी टेकडीवरच्या बंगल्यात येऊन हिरवाईची स्तुती करणाऱ्या आणि खालच्या वस्तीत नळ आहे की नाही याची चौकशीही न करणाऱ्या पर्यावरणप्रेमाबद्दल मला फारसा आदर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या दुआमध्ये कुफ्राबरोबरच दारिद्र्यापासूनही अल्लाहचा आश्रय मागितला आहे. गरिबी हा स्वतःच एक रोग आहे आणि अनेक रोगांची आई आहे. रोजगार देणारा विकास म्हणून मुबारकच आहे.

प्रश्न निराळा आहे. विकासाचा लाभ एका हातात आणि त्याचा मैला दुसऱ्याच्या हंड्यात, ही वाटणी कोणत्या न्यायाने होते?

सहीह बुखारीतील जहाजाची हदीस आपण मदरशांत आणि जुम्याच्या बयानांत ऐकतो. ह. नुमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून ती आलेली आहे. काही लोकांनी चिठ्ठ्या टाकून जहाजातील जागा वाटून घेतल्या. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाणी हवे असले की वर जावे लागे आणि वरच्यांना त्याचा त्रास होई. तेव्हा खालच्यांनी विचार केला, की आपल्याच वाट्याच्या भागाला एक भोक पाडावे, म्हणजे वरच्यांना उपद्रव नको. प्रेषित (स.) यांनी सांगितलेला निष्कर्ष असा, की वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सर्वच बुडतील आणि त्यांचे हात धरले तर सर्वच वाचतील.

या हदीसकडे थोडे थांबून पाहावे. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ते तहानलेले होते. शिवाय दुसऱ्याला त्रास होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. ते आपल्याच वाट्याच्या जागेत छिद्र करणार होते. मालकी त्यांची, गरज खरी, हेतू निर्दोष, आणि परिणाम सर्वांचा मृत्यू. विकासाच्या नावाने आज जे घडते त्याचे बहुतांश चित्र या एका दृष्टान्तात सामावलेले आहे. माझी जमीन, माझा कारखाना, माझी सोसायटी, माझे सांडपाणी, मला विचारणारे तुम्ही कोण? आणखी एक गोष्ट आपल्या बयानांत बहुधा सुटते. वरच्या मजल्यावरील लोकांनी पाण्याची वाट सुखाची ठेवली असती, तर खालच्यांना कुऱ्हाड उचलण्याची वेळ आली नसती. हात धरण्याची जबाबदारी वरच्यांवर टाकलेली आहे. मग ज्या कारणाने ते हात उठले ते कारण दूर करण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच येते, असे मला वाटते.

पाण्याच्या वाटणीबद्दल दुसरी एक हदीस याहूनही नेमकी आहे. मदीनेतील खडकाळ भागातून येणाऱ्या पाटावरून ह. जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी यांच्यात वाद झाला. जुबैर (रजि.) यांची बाग वरच्या अंगाला होती. प्रेषित (स.) यांनी निर्णय दिला, की जुबैर, तू आपल्या झाडांना पाणी दे आणि मग ते शेजाऱ्याकडे सोड. अन्सारीला राग आला. जुबैर आतेभाऊ म्हणून असा निर्णय दिला, असे तो बोलून गेला. त्यावर प्रेषित (स.) यांनी जुबैर (रजि.) यांना त्यांचा पूर्ण हक्क, म्हणजे आळ्याच्या बांधापर्यंत पाणी भरेतो ते अडवण्याचा हक्क, स्पष्ट करून सांगितला. वरच्याला पहिला हक्क आहे, हे यातून सिद्ध होते. पण त्या हक्काला बांधाएवढी मर्यादा आहे आणि पाणी पुढे सोडणे हे त्या हक्काचेच दुसरे टोक आहे. पुढे सोडायचे ते पाणी शेजाऱ्याच्या झाडाला चालेल असेच असले पाहिजे, हे वेगळे सांगायची गरज त्या काळी पडली नसावी.

मावळाला पाण्याच्या वाटणीचे दुःख ठाऊक आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. वाढत्या शहराची तहान खोटी नव्हती. लाखो कामगारांना, त्यांच्या लेकरांना पाणी लागतेच. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या आणि ज्यांना नदी उघडी वाहती हवी होती, त्यांची भीतीही खोटी नव्हती. दोन खऱ्या गरजा समोरासमोर आल्या आणि त्यांच्यामध्ये न्यायाने बोलणारा कोणी उरला नाही, की रस्त्यावर रक्त सांडते. त्याच्या नव्वद वर्षे आधी, १९२१ साली, शेजारच्या मुळशीत धरणासाठी बुडणाऱ्या गावांच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले होते. वीज मुंबईला गेली, जमीन मावळ्यांची गेली. आपल्या भागात विकास हा शब्द उच्चारताना या आठवणी बाजूला ठेवता येत नाहीत.

मग आरोग्य, विकास आणि निसर्ग यांचा मेळ न्यायाने घालता येतो, याचे उदाहरण आहे का? आहे, आणि ते फार दूर नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. दोघेही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले ख्रिस्ती डॉक्टर. मोठ्या शहरात त्यांना काहीही मिळवता आले असते. ते कायम दुष्काळी असलेल्या तालुक्यात आले आणि दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ उभा राहिला. लोकांना डॉक्टरांकडून औषध हवे होते, पण त्याआधी पाणी आणि भाकरी हवी होती. आरोळे दांपत्याचा मोठेपणा मला यात दिसतो, की त्यांनी हे ऐकून घेतले. आम्ही वैद्य आहोत, पाणी हे आमचे काम नव्हे, असे ते म्हणाले नाहीत. कूपनलिका खोदल्या गेल्या, लहान मुलांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, पुढे बांधबंदिस्ती झाली, झाडे लागली, सांडपाण्यासाठी शोषखड्डे झाले.

त्या कूपनलिकांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गावच्या विहिरीवर दलितांना पाणी भरू देत नसत. तेव्हा नव्या कूपनलिका मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी तिथेच लागले म्हटल्यावर बाकीच्यांना तिथे येणे भाग पडले. एकाच हातपंपाखाली सर्वांचे हंडे लागले. पाण्याने तहान भागली आणि गावाच्या मनातील एक जुना आजारही काहीसा उतरला. पुढे प्रत्येक गावाने आपल्यातील एक स्त्री आरोग्यसेविका म्हणून निवडली. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या बाळंतपण करू लागल्या, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजू लागल्या, क्षय आणि कुष्ठरोग ओळखू लागल्या. काम सुरू झाले तेव्हा त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी पावणेदोनशेच्या आसपास मुले पहिल्या वर्षातच दगावत. पुढील काळात हा आकडा वीस-पंचवीसच्या घरात आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेड पाहायला येऊ लागले.

पावणेदोनशेवरून पंचवीस, हे अंतर कोणत्या औषधाने कापले? त्यातील मोठा वाटा पाण्याचा, धान्याचा, स्वच्छतेचा आणि स्त्रीच्या हाती आलेल्या ज्ञानाचा होता. हे काम करणारे आपल्या धर्माचे नव्हते, ही गोष्ट मी मुद्दाम लपवत नाही. एक जीव वाचवणे म्हणजे सर्व मानवजातीला वाचवणे, हा सूरह माइदाचा आशय आपण मंचावरून अभिमानाने सांगतो. तो आशय ज्यांनी दुष्काळी गावात जगून दाखवला त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला?

याच्या उलट चित्र आपल्याच जिल्ह्यात २०२५ च्या जानेवारीत दिसले. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी या भागांत, माणसे हातापायांतील बळ जाऊन रुग्णालयात दाखल होऊ लागली. गुइलेन बॅरे सिंड्रोम हे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले. दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात गेलेल्या जंतूंशी लढताना शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असा तो आजार. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले, काही दगावले. ही गावे २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आली होती. इमारती उंच झाल्या होत्या, जागेचे भाव वाढले होते. पाणी शुद्ध करून देणारी यंत्रणा मात्र त्या गतीने उभी राहिली नव्हती. कान्हे, कामशेत, वडगाव या पट्ट्यात ज्या वेगाने नव्या इमारती उभ्या राहत आहेत, तो पाहता ही घटना दुसऱ्या कोणाची म्हणून वाचू नये. सदनिका घेताना आपण तोंड किब्ल्याकडे होते का, मशीद किती अंतरावर आहे, हे विचारतो. मैलापाणी कुठे जाते, हे बिल्डरला किती जण विचारतात?

आता सर्वांत कठीण भागाकडे येतो. माझ्या एका घराच्या सांडपाण्याने नदीचे काय बिघडणार, हा विचार प्रत्येकाच्या मनात असतो आणि एका अर्थाने तो खराही आहे. एका घराच्या पाण्याने इंद्रायणी बिघडत नाही. तत्त्वज्ञांनाही हा प्रश्न छळतो, की ज्या हानीत प्रत्येकाचा वाटा नगण्य आहे, तिचा दोष कोणाच्या माथी मारायचा? जगाच्या न्यायालयात असा दोष बहुधा कोणाच्याच माथी लागत नाही. सूरह जिलजाल मात्र कणभर भलाई आणि कणभर बुराई या दोहोंच्या दर्शनाची खबर देते. तिथे नगण्य नावाचा रकाना नाही.

याहून गंभीर बाब बंद्यांच्या हक्कांची, म्हणजे हुकूकुल इबादची आहे. उलमांनी सांगितले आहे, की अल्लाहच्या हक्कात झालेली चूक तौबेने माफ होऊ शकते. परंतु बंद्याचा हक्क मारला असेल तर तो परत करावा लागतो किंवा त्या बंद्याकडूनच माफी मिळवावी लागते. कर्ज बुडवले तर सावकाराचे नाव ठाऊक असते. निंदा केली तर कोणाची केली हे ठाऊक असते. परंतु कान्ह्याच्या मोरीतून सुटलेले पाणी देहूपुढच्या एखाद्या खेड्यात कोणाच्या घागरीत गेले, कोणाचे मूल त्याने आजारी पडले, हे मला कधीच कळणार नाही. मग माफी कोणाकडे मागायची? ज्या हक्कदाराचा चेहरा दिसत नाही, त्याचे देणे कयामतीच्या दिवसापर्यंत साचत राहते. मला या विचाराची भीती वाटते आणि ती वाटावी असे मला वाटते.

तो खालच्या काठाचा माणसू कोण आहे, हेही पाहू. बहुधा तो मुसलमान नसेल. आळंदीला इंद्रायणीत स्नान करणारा वारकरी असेल. त्याची श्रद्धा त्याला त्या पाण्यात उतरवते आणि आपल्या सर्वांची बेफिकिरी त्याला फेसात उभे करते. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी जिबह झाली, तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले होते, की आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का? शेजाऱ्याच्या हक्काबद्दल जिब्रील (अलै.) इतकी ताकीद करीत राहिले, की त्याला वारसा हक्कच दिला जाईल की काय असे प्रेषित (स.) यांना वाटले, हेही ते त्याच वेळी सांगत. त्यांनी शेजाऱ्याचा धर्म ठाऊक असूनच विचारले होते. नदीकाठी शेजारी केवळ डावीकडे आणि उजवीकडे नसतो. तो खालीही असतो आणि त्याच्याकडे आपला वाटा न विचारता पोहोचत असतो.

याच संदर्भात आपल्याच समाजाबद्दल दोन शब्द बोलणे भाग आहे. ईदुल अजहाच्या दिवशी कुर्बानीचे मांस आपण तीन हिश्शांत वाटतो आणि आतडी, कातडीचे तुकडे, रक्त यांचा चौथा हिस्सा काही ठिकाणी ओढ्याला जातो. पाणवठ्यावर, वाटेवर आणि सावलीच्या जागी घाण करणाऱ्यांवर लोकांची लानत ओढवते, असा इशारा हदीसमध्ये आहे. इबादतीच्या दिवशी हा इशारा स्थगित होत नाही. खड्डा करून पुरणे, ग्रामपंचायतीशी आधी बोलून गाडीची व्यवस्था करणे, हे फार खर्चाचे काम नाही. जिथे मशिदीच्या जमातीने हे मनावर घेतले तिथे शेजाऱ्यांची नजरही बदलते. पण ते कारण दुय्यम आहे. नजर कोणाचीही नसली तरी पाणी तेच आहे.

मशिदीच्या हौदाचेही तसेच. पाच वेळा वुजू होतो, नळ सुटलेले असतात आणि ते पाणी गटारात जाते. वुजूचे पाणी मैल्याचे नसते. मशिदीच्या अंगणात विटांचे तुकडे आणि वाळू भरून केलेला एक शोषखड्डा ते जमिनीत मुरवू शकतो. ग्रामसभेला आपल्यातील किती जण जातात? २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला झेंडावंदन करून आपण घरी येतो. त्या सुमारास भरणाऱ्या सभेत पाण्याच्या टाकीचा, गटाराचा, कचऱ्याचा विषय निघतो आणि आपला आवाज तिथे नसतो. स्त्रियांचा तर नसतोच, जरी हंडा त्यांच्याच कमरेवर असतो. जामखेडचा सर्वांत मोठा धडा मला इथे लागू पडताना दिसतो.

पाण्यासाठी खर्च करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही आणि या भूमीलाही नवी नाही. ह. साद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या दिवंगत आईच्या नावाने कोणता सदका उत्तम असे विचारले, तेव्हा पाणी हे उत्तर मिळाले आणि त्यांनी विहीर खोदली. ह. उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी मोकळी केली. आणि आपल्याच मावळात, भाज्याच्या लेण्यांत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाकीवर, तिला पोढी म्हणत, ती कोणा महारठी विष्णुदत्ताने दान दिल्याचा लेख आहे. त्याचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, काळ वेगळा. पण वाटसरूला पाणी मिळावे म्हणून डोंगर फोडण्याचा खर्च करावा, हे त्यालाही सुचले होते.

राहिला एक मसला, जो या विषयावर बोलले की हमखास विचारला जातो : विहीर, शोषखड्डा, पाण्याची टाकी किंवा गावच्या सांडपाण्याची व्यवस्था यांसाठी जकातीचा पैसा वापरता येईल का? हनफी मतानुसार जकात अदा होण्यासाठी ती हक्कदार गरिबाच्या मालकीत देणे आवश्यक आहे. विहीर किंवा टाकी ही कोणा एकाच्या मालकीची होत नाही, म्हणून तिच्यावर खर्च केल्याने जकात अदा होत नाही. शाफई मसलकातही जकातीचे आठ खर्च ठरलेले आहेत आणि सार्वजनिक बांधकाम त्यांत मोजले जात नाही. तेव्हा जकात गरिबालाच द्यावी. आजारी गरिबाला औषधासाठी हातात दिली तर ती निश्चितच अदा होते. पाण्याच्या कामासाठी नफली सदका, वक्फ आणि मशिदीच्या जमातीने त्याच कामाच्या नावाने गोळा केलेला निधी वापरावा. त्या निधीतून होणाऱ्या टाकीचा नळ मशिदीच्या कुंपणाच्या आत ठेवावा की बाहेर रस्त्यावर, असे कोणी विचारल्यास, बाहेर ठेवावा.